आधी पुलाची डागडुजी की रस्त्यावरचा वेग?

सांधेजोड (धागाकर्ता):
स्थानिक प्रशासनाने नव्या सुरक्षा योजना आखण्याआधी पूल-तपासणीच्या जुन्या अहवालांतली कामं पुरी करावीत, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा फर्न हॉलो पूल बघा. २८ जानेवारी २०२२ च्या सकाळी तो कोसळला. पूल नगर प्रशासनाच्याच मालकीचा, तपासण्याही नियमित झालेल्या. पाणी निचऱ्याच्या वाटा बुजल्यात, पुलाच्या पायांना गंज चढतोय, असं अहवाल वर्षानुवर्षं सांगत होते. त्या पुलाचं पोलाद खास प्रकारचं, त्यावर गंजाचा घट्ट थर बसतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. मात्र ते पोलाद मधूनमधून सुकायला हवं. पालापाचोळ्याखाली ओल टिकली आणि पोलाद खाल्लं गेलं. शिफारशींवर काम झालं नाही, असा ठपका चौकशीत आला. पुलावर बससुद्धा होती. माणसं जखमी झाली, जीव कोणाचा गेला नाही. खालच्या बागेत लोक पायी फिरायला येतात, हेही ध्यानात घ्या.

पायीपायी:
पटत नाही. पूल पडला की बातमी होते, रस्ता ओलांडताना गेलेल्या माणसाची होत नाही. जगात दरवर्षी सुमारे ११.९ लाख लोक रस्त्यावर मरतात आणि त्यांतले निम्म्याहून अधिक पायी, सायकलवर किंवा दुचाकीवर असतात. ही जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी आहे. ताशी ५० किमी वेगाच्या गाडीतली ऊर्जा ताशी ३० च्या गाडीपेक्षा पावणेतीन पट असते. गाड्यांचा वेग उतरावा म्हणून चौकात रस्ता अरुंद करणं, मध्ये थांबायला उंचवटा देणं, ही कामं पूल बांधण्यापेक्षा कितीतरी लवकर होतात. पैसा मर्यादित असेल तर तो जिथे रोज माणसांचे जीव जातात तिथे आधी लावा.

निचरा:
दोघांनाही विचारतो, ही कामं वेगवेगळी का धरता? न्यू जर्सीतल्या होबोकेनने रस्त्याचं नवं डांबरीकरण करतानाच चौक सुधारले. कोपऱ्यालगत गाड्या उभ्या राहू नयेत अशी सोय केली, म्हणजे चालणारा आणि चालक एकमेकांना दिसतात. २०१७ पासून सलग सात वर्षं तिथे रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही.

सांधेजोड:
होबोकेन जेमतेम सव्वातीन चौरस किमीचं शहर. जिथे शेकडो पूल सांभाळायचे आहेत तिथे हे गणित कसं बसवणार? डांबरीकरण ठरलेल्या फेऱ्यांनी होतं. पुलाचा गंज फेरीची वाट बघत नाही.

रानवाट:
पायवाटांचं कोणी बोलतच नाही. मी रोज ओढ्याकाठच्या वाटेने जाते. तिथल्या लाकडी साकवाची फळी पावसाळ्यात इतकी निसरडी होते की कठड्याला धरूनच पलीकडे जावं लागतं, आणि कठड्याचा एक खांब हलतो. तीनदा अर्ज दिला. उत्तर मिळालं की ही वाट रस्त्यांच्या यादीत नाही आणि पुलांच्याही नाही. यादीतच नाही म्हणून तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून निधी नाही. शिवाय वाट जिथे डांबरी रस्त्याला मिळते तिथे झुडपं वाढलीत, त्यामुळे येणारी गाडी अगदी जवळ आल्यावरच दिसते. तिथे आधी कोयता चालवायला हवा, त्याला कसली निविदा?

पायीपायी:
रानवाट, तुमचा मुद्दा मला आधी सुचायला हवा होता. पण सांधेजोड, तुमच्या नियमाने तर या साकवाचा नंबर कधीच लागणार नाही, कारण त्याचा अहवालच नाही.

सांधेजोड:
हे मान्य. अहवाल आधी, हे म्हणताना ज्यांचा अहवालच निघत नाही ते माझ्या नजरेतून सुटले. साकव यादीत आलाच पाहिजे. तरीही चौकातल्या उंचवट्यासाठी गंजलेल्या पुलाचा निधी वळवायला माझा विरोध कायम आहे.

पायीपायी:
आणि पुलासाठी शाळेसमोरचा चौक लांबणीवर टाकायला माझा.