ड्रायव्हरची काच वर्षात तिसऱ्यांदा बंद, काय करू? (बजेट ३०००)

कुंभार्लीकर: मंडळी, चिपळूणला असतो. मागच्या वर्षी २०११ ची डिझेल सात सीटर सेकंडहँड घेतली, कंपनी सांगत नाही नाहीतर अर्धा धागा त्यावरच जाईल. आधी स्विच बदलला, मग नवी मोटर टाकली, आणि परवा भर पावसात कुंभार्ली घाटात काच अर्ध्यात अडकली ती अडकलीच, कोयनानगरला उतरून शर्टाची उजवी बाही पिळली. दार जोरात आपटलं की कधीकधी चालते.

डिझेलभाऊ: ओरिजिनल पूर्ण सेट टाक. मी ९५०० घातले, चार वर्षं बघितलं नाही.

कुंभार्लीकर: दादा, बजेट ३००० लिहिलंय वर.

डिझेलभाऊ: मग भिजा.

पप्पू_मिरज: मशीन गेलंय, म्हणजे दारातली काच वर-खाली सरकवणारी यंत्रणा. माझंपण मशीनच गेलेलं, आतली केबल तुटते. कुर्ल्याला सीएसटी रोडला जुनं मिळतं, घासाघीस करायची.

कुंभार्लीकर: केबल तुटली की खडखडते ना? इथे चिडीचूप.

निवांत६२: आता टोलला फास्टॅग आहे, काच उघडायची कशाला? आमच्या काळी एसीसुद्धा नव्हता.

पप्पू_मिरज: काका, एसी नव्हता तर काच उघडीच ठेवत असाल की.

दारातली_वायर: उगाच पार्ट बदलू नका. रात्री आतला लाइट लावून बटण दाबा. लाइट मंद झाला तर करंट जातोय, म्हणजे काच जाम किंवा मोटर. लाइट ढिम्म हलला नाही तर करंटच पोचत नाहीये. आपटल्यावर चालणं हे मोटरचे कार्बन झिजल्यावरपण होतं पण तुमची मोटर नवी, त्यामुळे मला दार आणि खांबामधल्या रबरी नळीतल्या वायरचा संशय आहे. दार उघडझाप करून आतलं तांबं तुटतं, वरचं प्लास्टिक शाबूत दिसतं. नळी मागे सरकवून एकेक वायर हळूच ओढा, जी इलॅस्टिकसारखी ताणेल ती तुटलेली. जोड वाकतो तिथे देऊ नका, लांब तुकडा घालून दाराच्या आत न्या.

पप्पू_मिरज: मी तेच म्हणतोय, मशीन बदला.

रबरवाली_ताई: काचेच्या चॅनलला सिलिकॉन स्प्रे मारा, ग्रीस नको, माती धरून बसते. आमच्या ह्यांनी ग्रीस थापलं, काच चिखलात गेल्यासारखी वर यायची.

कुंभार्लीकर: अपडेट. लाइट ढिम्म. तपकिरी वायर चक्क ताणली, दारातली_वायर तुम्ही ग्रेट. पण भंगारवाल्याकडे बेस मॉडेलचं हँडलवालं मशीन मिळालं १४०० ला, तेच बसवून टाकलं, दाराच्या आतल्या ट्रिमला (प्लास्टिकच्या आवरणाला) भोक पाडून.

दारातली_वायर: अहो!! हातभर वायरचं काम होतं ते!

कुंभार्लीकर: माहितीये. पण आता त्या बटणाकडे बघवत नाही.

डिझेलभाऊ: हँडल फिरवताना गुडघ्याला लागत नाही?

कुंभार्लीकर: लागतं.