आधी साइडपट्टी तरी द्या
सायकल ट्रॅक ही शहरांची चैन, खेड्यात कशाला, असं गावच्या रस्त्यांवरच्या चर्चेत एकानं म्हटलंय. अजिबात पटलं नाही. मागास तालुक्यांसाठीच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शासनच सायकली देते. माझी पुतणी तशाच सायकलनं रोज चार किलोमीटर शाळेत जाते. रस्ता सिमेंटचा झाला, पण कडा वीतभर उंच राहिल्या, बाजूला मुरूम पडलाच नाही. पावसाळ्यात तिथं काळ्या मातीचा नुसता चिखल. मागून ट्रक हॉर्न देत आला की पोरीनं उतरायचं कुठं? दोनदा पडली, एकदा हात मोडला.

अमरावती-अकोला मार्गावर २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची लेन १०५ तासांत टाकून विक्रम झाला, त्याचा मलाही अभिमान आहे. मग गावच्या रस्त्याला मुरमाची दाबलेली साइडपट्टी का होत नाही? वेगळा ट्रॅक मागाहून द्या.