मदत हवी आहे : पीसीओएस, सातवा महिना आणि वाढलेला रक्तदाब

माझ्या धाकट्या बहिणीला पीसीओएस (अंडाशय आणि संप्रेरकांशी संबंधित विकार) आहे आणि त्यात गरोदरपणी रक्तदाबाचा धोका अधिक असतो, हे आम्हाला ठाऊक होते. आता २८ वा आठवडा चालू असून गेल्या दोन तपासण्यांत रक्तदाब १४२/९२ आणि १४६/९४ भरला. लघवीत प्रथिने नाहीत, साखरही ठीक आहे. चौथ्या महिन्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन चालू होती, आता डॉक्टरांनी लॅबेटालॉल हे रक्तदाबाचे औषध जोडले आहे. सुक्या बांगड्यांचा डबा आणि लोणच्याची बरणी आईने केव्हाच माळ्यावर टाकली. डोके दुखले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तडक निघायचे, हेही ठरले आहे. मात्र देवगडजवळच्या आमच्या वाडीतून रात्री गाडी मिळणे कठीण आणि घाट चढून कोल्हापूर गाठायला तीन तास तरी जातात. अशा स्थितीत बाळंतपणासाठी आधीच घाटावर जाऊन राहिलेल्यांनी तो मुक्काम कितव्या आठवड्यात हलवला, आणि तोवर घरच्या यंत्रावर रक्तदाब दिवसातून किती वेळा मोजला?