पहिल्या बाळाची रजिस्ट्री: यादी ११८ वस्तूंवर गेली आहे, काय काढावे?

पहिलटकरीण:

नमस्कार. मी आणि माझा नवरा पहिल्यांदाच आईबाबा होणार आहोत. सध्या अठ्ठाविसावा आठवडा सुरू आहे. आमच्याकडे एकच वस्तू दोन-दोनदा येऊ नये म्हणून जवळच्या मंडळींनीच आग्रह धरला आणि आम्ही एका संकेतस्थळावर बेबी रजिस्ट्री, म्हणजे बाळासाठी हव्या असलेल्या भेटवस्तूंची यादी, उघडली. तिथे नवख्या पालकांसाठी एक तयार यादी होती. ती आम्ही जशीच्या तशी उचलली आणि तीत स्वतःची भर घातली. काल रात्री मोजले तेव्हा ११८ वस्तू भरल्या. त्यांत ओले वाइप्स कोमट ठेवणारे एक यंत्रही आहे, पण ते मी घातले की नवऱ्याने, हे दोघांनाही आठवत नाही.

ही यादी लोकांना पाठवण्याआधी आटोक्यात आणायची आहे. कोणत्या वस्तू ठेवाव्यात आणि किती नग मागावेत? मोठ्या किमतीच्या वस्तू यादीत घालणे बरे दिसते का? मावसबहिणीने तिची जुनी कार सीट (गाडीत बाळाला बसवायची खुर्ची) आणि पाळणा देऊ केला आहे, तो घ्यावा का? एक संकोचही मोकळेपणाने सांगते. अशी यादी पाठवणे म्हणजे हात पसरल्यासारखे वाटते, त्यामुळे दुवा तयार असूनही आठवडाभर तो तसाच पडून आहे.

दोघींची आई:

अभिनंदन! यादीला कात्री लावण्याआधी पहिल्या तीन महिन्यांची मर्यादा घालून घ्या. या काळात बाळ दूध पिते, झोपते, शी-शू करते आणि कुणाच्या तरी खांद्यावर असते. यांपैकी कशाशीही ज्या वस्तूचा संबंध नाही, ती निःशंकपणे काढून टाका. वरचे अन्न साधारण सहा महिन्यांनी सुरू होते, म्हणून उंच खुर्ची आणि वाट्या-चमचे आत्ताच घेतले तर ते अर्धे वर्ष नुसते कपाट अडवतात.

डायपरच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नका, कारण नवजात बाळाला दिवसाला आठ ते बारा डायपर सहज लागतात. गंमत अशी की भेट देणाऱ्यांना सर्वांत लहान मापाचेच डायपर गोड वाटतात. ते माप साधारण साडेचार किलो वजनापर्यंतच चालते आणि अंगाने भरलेले बाळ तेवढे वजन काही आठवड्यांतच गाठते. लहान मापाचे एक-दोन पुडे लिहा आणि बाकीचे सगळे पुढच्या मापाचे मागा.

कपड्यांविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण इथेच मी पहिल्या वेळी फसले. थोरलीसाठी आलेल्या कपड्यांपैकी निम्म्यांच्या गुंड्या पाठीवर होत्या. रात्री तीन वाजता, मंद दिव्यात, रडून लालबुंद झालेल्या मुलीला पालथे धरून मी त्या गुंड्या लावत असे आणि शेवटची गुंडी लावेपर्यंत ती पुन्हा ओली होत असे. धाकटीच्या वेळी यादीतच लिहिले की कपडे पुढून उघडणारे हवेत, शक्यतो चेनचे, आणि ती चेन खालूनही उघडणारी हवी, म्हणजे डायपर बदलताना बाळाची छाती उघडी पडत नाही. नाळ गळून पडेपर्यंत, म्हणजे एक ते तीन आठवडे, पुढे बंद बांधायची झबली सर्वांत सोयीची. ज्या कपड्यांच्या खांद्यांवर कापडाच्या दोन पट्ट्या एकावर एक आलेल्या असतात, तेही चार-पाच ठेवा. शी पाठीपर्यंत गेली की असा कपडा डोक्यावरून काढावा लागत नाही, गळा रुंद करून तो खांद्यांवरून खाली, पायांकडे ओढता येतो.

बाटल्यांचा बारा नगांचा संच काढून टाका. बाटलीचे कोणत्या आकाराचे निपल तोंडात धरायचे, हे बाळ स्वतः ठरवते आणि त्यात कुणाचे ऐकत नाही. बाटली लागणारच असेल तर दोन-तीन प्रकारांची एकेक घ्या, तीही सर्वांत हळू धार असलेल्या निपलची. दुपटी आणि लाळेरी मात्र कितीही आली तरी संपतात.

रात्रपाळीचा बाबा:

वस्तूंविषयी वर छान लिहिलेच आहे, म्हणून मी रजिस्ट्री चालते कशी तेवढेच सांगतो. कुणी यादीवरून वस्तू घेतली की ती 'घेतली' अशी नोंद होते आणि पुढच्या माणसाला ती शिल्लक दिसत नाही. पण ही नोंद यादीतूनच खरेदी केली तर आपोआप होते. आमच्या एका नातेवाइकांनी यादी पाहून तीच वस्तू दुसऱ्या दुकानातून आणली, त्यामुळे आमच्याकडे बाळाचे टब दोन झाले. एकात आता कपडे भिजत घालतो. तेव्हा दुवा पाठवतानाच लिहा की बाहेरून घेतलेल्या वस्तूवरही कृपया तशी खूण करावी.

खासगीपणाची सेटिंग्ज आधी तपासा. काही ठिकाणी यादी नावाने कुणालाही शोधता येते आणि तीवर प्रसूतीची अपेक्षित तारीखही दिसते. ज्याच्याकडे दुवा आहे त्यालाच यादी दिसेल, असा पर्याय निवडा आणि घरचा पत्ता पाहणाऱ्यांना दिसत नाही याची खात्री करून घ्या. परत करण्याची मुदत किती, ती खरेदीच्या दिवसापासून मोजतात की प्रसूतीच्या तारखेपासून, आणि यादीत उरलेल्या वस्तूंवर पालकांना शेवटी सवलत मिळते का, हेही वाचून ठेवा.

मोठी वस्तू घालण्यात काही गैर नाही. अनेक ठिकाणी एका वस्तूसाठी चौघा-पाचांना मिळून रक्कम भरता येते आणि कार्यालयातील सहकाऱ्यांना तेच बरे पडते. त्याच वेळी अगदी लहान किमतीच्या वस्तूही भरपूर ठेवा, म्हणजे कुणालाच अवघडल्यासारखे होणार नाही. दुवा सरसकट सगळ्यांना पाठवू नका, जो विचारेल त्यालाच द्या. तुमचा निम्मा संकोच तिथेच संपेल.

नवजात कक्षातील परिचारिका:

जुन्या वस्तूंच्या प्रश्नावर मी जरा ठामपणे लिहिते. कार सीट अपघातातून गेलेली नाही, तिचे सर्व भाग आणि पुस्तिका जागेवर आहेत आणि तिची मुदत संपलेली नाही, या गोष्टींची मावसबहीण स्वतः खात्री देत असेल तरच ती घ्या. मुदत संपते हे अनेकांना ठाऊकच नसते. सीटच्या पाठीवर किंवा तळाशी उत्पादनाची तारीख असते आणि बहुतेक उत्पादक त्या दिवसापासून सहा ते दहा वर्षांची मर्यादा देतात. अनोळखी माणसाकडून तर वापरलेली सीट घेऊच नये. नवजात बाळाची सीट मागे तोंड करून बसवतात, आणि ती तुमच्या गाडीत नीट बसते का, हे प्रसूतीच्या दिवशी पाहायची गोष्ट नव्हे.

पाळण्याच्या गजांमधले अंतर सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. गादी घट्ट आणि सपाट असावी, आणि ती व चौकट यांच्यामधल्या फटीत दोनपेक्षा जास्त बोटे जाऊ नयेत. एक बाजू खाली सरकणारा जुना पाळणा असेल तर नम्रपणे नकार द्या.

तयार याद्यांमध्ये पाळण्याचा जो 'संच' असतो, तो मात्र पूर्ण काढा. उशी, रजई, कडेने बांधायच्या मऊ गाद्या आणि शोभेची मऊ खेळणी यांपैकी काहीही पहिल्या वर्षात झोपेच्या जागी नको. बाळ पाठीवर, रिकाम्या गादीवर, फक्त ताणून बसवलेल्या चादरीवर झोपावे. म्हणून यादीत चादरी तीन-चार लिहा. उताराचे झोपाळे आणि वजन घातलेली गुंडाळणीही नकोत. झोपाळ्यात किंवा कार सीटमध्ये झोपलेल्या लहान बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाला अडथळा येऊ शकतो, हे आम्ही प्रत्येक आईबाबांना घरी जाताना सांगतो.

जुनी सभासद:

यादीत आईसाठी काहीच दिसत नाही, असे माझे नेहमीचे गाऱ्हाणे आहे. मोठे सॅनिटरी पॅड, पुढून उघडणारे गाऊन, दूध पाजताना हाताखाली घ्यायची उशी आणि एका हाताने उघडता येणारी पाण्याची बाटली बिनदिक्कत घाला. ब्रेस्ट पंप आत्ताच मागायचा की नाही, याविषयी मतभेद आहेत. माझ्या मते बाळ आल्यावर गरज पाहून घ्यावा किंवा भाड्याने आणावा. आणि परिचारिकाताईंचे कार सीटविषयी सगळे पटते, पण जुने कपडे, टब आणि दुपटी नाकारू नका. बाळाचे कपडे झिजण्याआधीच तोकडे होतात आणि अनेकदा धुतलेले सुती कापड नव्यापेक्षा मऊ असते.

पहिलटकरीण:

सर्वांचे मनापासून आभार. आज दुपारी आम्ही दोघांनी बसून यादी ११८ वरून ४१ वर आणली. पाळण्याचा संच, उंच खुर्ची आणि अकरा बाटल्या गेल्या. मावसबहिणीला फोन केला तेव्हा तिने स्वतःच सीट उलटी करून तारीख वाचली आणि हसू लागली, कारण मुदत संपून दोन वर्षे झाली होती. कपड्यांची पिशवी मात्र ती रविवारी आणते आहे. नवी कार सीट यादीत सर्वांत वर, मिळून देण्याची वस्तू म्हणून ठेवली आहे. दुवा मी अजून कुणालाच पाठवलेला नव्हता, पण नवऱ्याच्या कार्यालयातून आज विचारणा झाली आणि त्याने तो देऊन टाकला.

कोमट वाइप्सच्या यंत्राविषयी कुणीच काही लिहिले नाही. ते काढू ना?

दोघींची आई:

काढा. वाइप्स घटकाभर मुठीत धरले की होतात कोमट.