मदत हवी आहे : नॅनोबॉडी ओळखायला सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला धरून रंग दाखवणारी दुसरी अँटिबॉडी) कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात एमएस्सीच्या पोरांचा प्रोजेक्ट घेतोय. आमची अँटिबॉडी म्हणजे नॅनोबॉडी: उंटवर्गातली, एकाच डोमेनची, जेमतेम 15 किलोडाल्टन. एलायझात (प्लेटमधल्या अँटिबॉडी-चाचणीत) टीएमबी (निळा रंग देणारं द्रव्य) टाकलं, अर्धा तास झाला तरी प्लेट पाण्यासारखी नितळ! मग उजेड पडला: हिला ना हलकी साखळी, ना एफसी (अँटिबॉडीचा शेपटीकडचा भाग), नेहमीची अँटी-माऊस एचआरपी (उंदराच्या अँटिबॉडीला धरणारी, रंग आणणारं एन्झाइम जोडलेली सेकंडरी) धरणार कशाला? (चूक माझीच, पोरांची नाही.) हिस-टॅग (प्रोटीनला जोडलेली हिस्टिडीनची शेपटी) धरणारी अँटी-हिस लावावी तर अँटिजेनलाही हिस-टॅग, सगळ्याच वेल निळ्या होतील. प्रोटीन-ए (अँटिबॉडींना चिकटणारं जिवाणूचं प्रोटीन) काही नॅनोबॉडींनाच चिकटतं.

म्हणून अँटी-व्हीएचएच (व्हीएचएच म्हणजे नॅनोबॉडीच, तिलाच धरणारी सेकंडरी) घ्यायचा विचार आहे. पॉलिक्लोनल (अनेक जागी धरणारी) बरी की मोनोक्लोनल (एकाच जागी धरणारी)? लहान पॅक मिळतो का? नागपूरहून पार्सल येईस्तोवर उन्हाळ्यात बर्फाचं पाणी होते अन् इथं लाईन कधीही जाते, त्यामुळे सुकवलेली पावडर मिळाली तर बरं. कोणी वापरली असेल तर डायल्युशनही सांगा.