अल हिलालला 'पैशाने उभा केलेला क्लब' म्हणणं कितपत बरोबर?

नेरुळचा प्रेक्षक
६ नोव्हेंबर २०२३ ला मी डी. वाय. पाटील स्टेडियमवर होतो. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीसमोर सौदी अरेबियातल्या रियाधचा अल हिलाल. माझ्या मुलाने हिलालच्या ब्राझिलियन स्टार नेमारसाठी दिवस मोजले होते आणि त्याआधी तीन आठवडे उरुग्वेविरुद्ध नेमारचा गुडघा गेला. तरी गेलो. हाफटाइमला ०-०! नंतर हिलालच्या मायकेल आणि मित्रोविचने एकेक गोल केला आणि सामना गेला. स्टेशनकडे चालताना आजूबाजूला एकच सूर होता, "तेलाचा पैसा आहे हो, दुसरं काय!" परवा घरात पुन्हा तेच ऐकलं, म्हणून हा धागा.

हा क्लब १९५७ चा आहे. अब्दुलरहमान बिन सईद यांनी तो काढला तेव्हा नाव 'ऑलिंपिक' होतं, पुढच्या वर्षी राजे सौद यांनी 'अल हिलाल' केलं. हिलाल म्हणजे चंद्रकोर. आशियाचं विजेतेपद चार वेळा, १९९१, २०००, २०१९ आणि २०२१. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लब विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत फ्लामेंगोला ३-२ ने हरवलं आणि अंतिम सामन्यात रियाल माद्रिदला तीन गोल मारले (खाल्ले पाच, पण मारले तीन). कतारच्या विश्वचषकात सौदी संघाचे अर्जेंटिनाला हरवणारे दोन्ही गोल, सालेह अल शेहरी आणि सालेम अल दौसरी यांचे, हिलालच्याच खेळाडूंचे. हे सगळं सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीने क्लब ताब्यात घेण्याआधीचं. जून २०२३ नंतर फक्त किमती वाढल्या, क्लब आधीच मोठा होता. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर मांडावं.

दादर पूर्व
मला पटत नाही. २०२३ च्या आधी पैसा नव्हता, असं तुमच्या लिहिण्यातून वाटतं. १९७८ मध्ये रिव्हेलिनो, ब्राझीलच्या १९७० च्या विश्वविजेत्या संघातला, याच क्लबकडून खेळायला रियाधला गेला. त्याच काळात त्या विश्वविजेत्या संघाचा कोच झागालोही तिथे कोच होता. वाळवंटातल्या एका लीगमध्ये ही माणसं हवापालटाला गेली होती का? राजघराण्यातले श्रीमंत आश्रयदाते हिलालला कायम लाभले. म्हणजे पैसा मुळापासूनच आहे, आता फक्त आकड्यापुढे शून्यं वाढली.

आणि जून २०२३ चा बदल तुम्ही म्हणता तेवढा किरकोळ नाही. हिलाल, नस्र, इत्तिहाद आणि जेद्दाचा अहली या चारही क्लबांचा ७५ टक्के वाटा एकाच निधीने घेतला. हिलाल आणि नस्र यांचं वैर रियाधमध्ये पिढ्यान् पिढ्या चालत आलंय आणि दोघांचा धनी एकच झाला! भांडायचं कोणाशी? त्याच उन्हाळ्यात नेमार (सुमारे ९ कोटी युरो), नेवेस, कुलिबाली, मिलिंकोविच-साविच, मित्रोविच, माल्कम, बोनो असे सगळे एकाच क्लबात आले. मग २०२३-२४ च्या सौदी लीगमध्ये ३४ सामन्यांत ३१ विजय, ३ बरोबरी, एकही हार नाही. याला मी चुरस म्हणणार नाही.

बथा, रियाध
मी इथे चौदा वर्षं नर्स आहे, म्हणून राहवत नाही. दादर पूर्व, तुमचे आकडे बरोबर असतील, पण वैर संपलं म्हणता ते साफ चूक. आमच्या वॉर्डात नवीन माणूस भरती झाला की दुसऱ्या दिवशी शेजारचा विचारतो, हिलाली की नसरावी? डायलिसिसला येणारे एक आजोबा आहेत, कट्टर हिलाली. हातात निळी जपमाळ. एकदा कुणीतरी त्यांच्या टेबलावर पिवळी फुलं ठेवली. पिवळा म्हणजे नस्रचा रंग. त्यांनी मला बोलावलं आणि फुलं दुसऱ्या खोलीत न्यायला लावली. त्यांना निधीबिधी काही सांगू नका, ते लहानपणापासून हाच क्लब बघत आलेत.

दुसरं एक, जे पुरुषमंडळींच्या सहज लक्षात येत नाही. जानेवारी २०१८ पर्यंत इथे बायकांना स्टेडियमात प्रवेशच नव्हता. पहिला सामना जेद्दाला झाला, दुसऱ्या दिवशी रियाधला हिलाल विरुद्ध इत्तिहाद. माझ्याबरोबर काम करणारी एक सौदी मुलगी आईला घेऊन गेली होती. आई जन्मभर टीव्हीवर हिलाल बघत आलेली. मैदान दिसल्यावर ती पाच मिनिटं काही बोललीच नाही म्हणे. पैशाने हे विकत येत नाही हो.

दादर पूर्व
ताई, आजोबांचं आणि त्या आईचं प्रेम खरं आहे, त्यावर माझा एक शब्दही नाही. माझा आक्षेप त्या प्रेमाचा वापर कोण करतंय यावर आहे. बायकांना २०१८ पर्यंत बाहेर ठेवणारं सरकार आणि नंतर दार उघडून जगाकडून शाबासकी घेणारं सरकार एकच. डिसेंबर २०२४ मध्ये २०३४ चा विश्वचषक सौदीला मिळाला. स्टेडियम बांधणारे मजूर आपल्याच भागातून, बिहारमधून, नेपाळमधून, बांगलादेशातून जातात. फुटबॉलच्या झगमगाटात त्यांचं जगणं दिसेनासं होतं, आणि क्लब त्या झगमगाटाचाच भाग आहेत.

बथा, रियाध
मजुरांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. ते मी रोज डोळ्यांनी बघते. पण त्याचं उत्तर हिलालच्या पाठीराख्यांकडे मागू नका.

कोल्हापूरचा राईट विंग
ताईंचं वाचून आमच्या पेठा आठवल्या. कोल्हापुरात पोरगं कुठल्या पेठेत जन्मलं त्यावर त्याची तालीम ठरते आणि तालमीवर संघ. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुणचा सामना बघितलेल्या माणसाला हिलाली-नसरावी समजावून सांगायला लागत नाही. आमच्याकडेही संघ नायजेरियाचे खेळाडू आणतात, आणि तेव्हाही हीच चर्चा कट्ट्यावर होते: आपल्या पोरांनी कुठं खेळायचं?

माझा मुद्दा तिथलाच आहे. धागाकर्त्याने अर्जेंटिनाविरुद्धचे दोन गोल सांगितले. त्यातला पहिला, बरोबरीचा, सालेह अल शेहरीचा. पुढे त्याचं काय झालं? मित्रोविच आल्यावर तो बाकावर बसला आणि २०२४ मध्ये हिलाल सोडून इत्तिहादला गेला. लीगमध्ये परदेशी खेळाडूंची मर्यादा २०२३-२४ ला आठ होती, पुढच्या हंगामात दहा झाली. मांचिनी सौदीच्या राष्ट्रीय संघाचे कोच असताना जाहीरपणे म्हणाले होते की माझे खेळाडू क्लबात बाकावर बसतात. फॉरवर्डला पाय चालू ठेवायला सामने लागतात, सराव पुरत नाही. मी स्वतः दोन हंगाम बाकावर काढलेत. तिसऱ्या हंगामात उतरलो तेव्हा पास आला तरी पहिला स्पर्श जड पडायचा.

म्हणून मी धागाकर्त्याशी अर्धा सहमत. क्लब जुना आहे, पैशाने जन्मला नाही. पण ज्या मातीतून अल दौसरी आणि अल शेहरी आले, ती माती या पैशाने सुकते आहे.

पनवेल लोकल
सगळे हिलालच्या पैशावर बोलताय, त्या रात्री आपल्या बाजूला कोण होतं ते कुणी बोलेना. मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या समूहाने घेतला होता, म्हणजे अबू धाबी. नेरुळच्या मैदानावर दोन्हीकडे आखाताचाच पैसा होता. फरक कुठे पडला? रियाधमध्ये आपण ६-० ने हरलो, नेरुळमध्ये २-० ने, आणि गटातले सहाच्या सहा सामने गमावले. पैसा दोघांकडे, पण हिलालकडे पासष्ट वर्षांची सवय होती.

त्याच समूहाच्या मँचेस्टर सिटीला हिलालने २०२५ च्या क्लब विश्वचषकात ओरलँडोत ४-३ ने घरी पाठवलं, तेही अल दौसरी दुखापतीने बाहेर असताना. आपल्याकडे मंगळवारची सकाळ होती, मी पहिला अर्धा तास घरी आणि उरलेला लोकलमध्ये उभ्याने पाहिला. ११२ व्या मिनिटाला मार्कोस लिओनार्दोचा गोल झाला तेव्हा डब्यात मी एकटाच ओरडलो. आणि मुंबई सिटीचं म्हणाल तर डिसेंबर २०२५ मध्ये त्या समूहाने अंग काढून घेतलं. मला याचं फार वाईट वाटलं. दादर पूर्व, तुम्हाला पैशावर राग काढायचा तर तो इथे काढा. आपला क्लब त्यांच्यासाठी नकाशावरची एक टाचणी होता.

दादर पूर्व
पनवेल, हे मात्र मान्य. पण यातून माझंच म्हणणं पुढे जातं. पैसा येतो तसा जातो. नेमार बघा: सात सामने खेळला, जानेवारी २०२५ मध्ये करार मोडून गेला. उद्या रियाधच्या निधीने हात आखडता घेतला तर हिलालकडे काय उरेल?

नेरुळचा प्रेक्षक
उरेल ते ताईंनी सांगितलंय. निळ्या जपमाळेचे आजोबा उरतील. मुंबई सिटीकडे तसं कोण आहे, हे शोधायला गेलो तर माझ्या घरात एक मुलगा सापडतो, तोही नेमारसाठी आलेला.

दोन गोष्टी मात्र मी मागे घेतो. चार क्लबांचा धनी एक असणं मी फार हलक्यात घेतलं, ते गंभीर आहे. आणि कोल्हापूरकरांचा अल शेहरीचा मुद्दा मला माहीत असूनही सोयीने वगळला गेला. त्याच्या गोलाचं श्रेय क्लबला दिलं, तर त्याला बाकावर बसवल्याचा दोषही क्लबलाच द्यायला हवा. पण 'पैशाने उभा केलेला' हे शब्द मी अजूनही मान्य करणार नाही. १९९१ चा चषक कुठल्या निधीने आणला?

बथा, रियाध
आजोबांना आज हा धागा वाचून दाखवला, जमेल तसा अरबीत. रिव्हेलिनोचं नाव आल्यावर उठून बसले. म्हणाले, त्याची डाव्या पायाची फ्री किक भिंतीला वळसा घालून जायची, आम्ही पोरं गोलच्या मागे उभे राहायचो. मुंबईच्या सामन्याचं विचारलं तर त्यांना गोल आठवले नाहीत. पहिल्या हाफमध्ये तुमच्या पोरांनी फार दमवलं, एवढं आठवलं.