मदत हवी आहे: फॅटी लिव्हर आणि सीएलएच्या कॅप्सूल

पलासियाकर: ह्यांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २ आलंय. जिमच्या ट्रेनरने चरबी उतरवायला सीएलएच्या (कॉन्ज्युगेटेड लिनोलेइक ॲसिड) कॅप्सूल दिल्यात. डबीवर 'करडईच्या तेलापासून' असं छापलंय, म्हणून सासूबाई म्हणतात, घरचंच तेल आहे, घेऊ दे. पोट खरंच आत गेलंय, पण माझ्या मनाला पटत नाही. बंद करू का? लवकर सांगा, आज रात्री नवी डबी मागवताहेत.

गराडू: कधीपासून घेताहेत? वय, वजन, एसजीपीटी (यकृताला त्रास झाला की रक्तात वाढतं ते), साखर, दारू? काहीच लिहिलं नाहीत ताई.

भुईआवळा: माझा ग्रेड १ भुईआवळ्याच्या रसाने चार महिन्यांत गेला. उपाशीपोटी द्या.

गराडू: त्या चार महिन्यांत वजन किती उतरलं?

भुईआवळा: नऊ किलो. चालायलाही जात होतो. पण गुण रसाचाच.

निवृत्त_मास्तर: बायोकेमिस्ट्री शिकवत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. करडईच्या तेलात मुख्यतः लिनोलेइक आम्ल, म्हणजे एक मेदाम्ल. कारखान्यात अल्कली घालून तापवलं की त्यातले दोन दुहेरी बंध सरकून जवळ येतात. तेच सीएलए. कॅप्सूलमध्ये सहसा दोन प्रकार निम्मेनिम्मे असतात: सिस-९ ट्रान्स-११ आणि ट्रान्स-१० सिस-१२. चरबी उतरवतो तो दुसरा. तो उंदरांना खाऊ घातला तेव्हा अंगावरची चरबी झपाट्याने गेली आणि यकृत मात्र चरबीने भरून मोठं झालं. चरबीच्या पेशी साठवेनाशा झाल्या, रक्तातलं इन्सुलिन वाढलं, यकृत स्वतःच जास्त मेद बनवू लागलं. माणसांत इतकं तीव्र दिसत नाही. तरी ज्याच्या यकृतात आधीच चरबी आहे, त्याला मी देणार नाही.

सराफा_रात्र: सीएलए तर तुपातही असतं! मग तूपही सोडायचं?

निवृत्त_मास्तर: तुपातलं बहुतेक पहिल्या प्रकारचं, आणि तेही अगदी थोडं. कॅप्सूलशी तुलना नको.

छप्पनवाला: खरा घात वनस्पती तुपाने केला. तेलात हायड्रोजन घालून घट्ट करताना ट्रान्स फॅट होतं. २०२२पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी आधी पोह्यांवरची शेव बंद करा.

पलासियाकर: शेव ते खातच नाहीत हो. वय ४६, वजन ८४, दारू नाही, साखर ठीक. अडीच महिने रोज तीन ग्रॅम चालू आहे. एसजीपीटी आधी ४२ होतं, परवा ७८. रिपोर्ट शेजारी ठेवून आत्ता बघितले.

गराडू: हेच आधी हवं होतं! आजच थांबवा. आकडा कशाने वाढला ते डॉक्टर ठरवतील, पण डबी सोबत न्या. ट्रेनरने आणखी काही दिलं असेल तर तेही. वजन सावकाश ७ ते १० टक्के उतरलं की यकृतातली चरबीही उतरते. म्हणजे ह्यांचं ६ ते ८ किलो.

सुदामानगर: इंदुरात घाण्याचं करडई तेल कुठे मिळतं?

पलासियाकर: डबी पर्समध्ये टाकली, ऑर्डर रद्द करायला लावली. सासूबाईंना मास्तरांचं वाचून दाखवलं, त्या गप्प बसल्या. गुरुवारची वेळ मिळाली आहे. तोवर जिमला जाऊ देऊ का, तेवढं सांगा.